तापाच्या आड दडलेली दारू

फेब्रुवारी २०२१ मध्ये देशाची नजर अमरावती-अकोल्याकडे वळली. कोविडची पहिली लाट ओसरली असं वाटत असतानाच इथले आकडे पुन्हा चढले आणि २२ तारखेच्या रात्रीपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. त्या लाटेचा हिशेब खाटा, ऑक्सिजन आणि मृत्यू यांत मांडला गेला. जे वाचले त्यांच्या डोक्याचं काय झालं, ते मात्र कुठल्या तक्त्यात आलं नाही.

विषाणू मेंदूला धक्का लावतो हे विदर्भाला नवं नाही. चंडीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपुरातच सापडला आणि पुढे त्याने लहान मुलांना एक-दोन दिवसांत बेशुद्धीत ओढलं. २००६ च्या चिकुनगुनियातही मेंदूज्वराचे रुग्ण दिसले. कोविडबाबत ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २,३६,३७९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सहा महिन्यांत सुमारे एक तृतीयांश जणांना मेंदूचा वा मनाचा आजार असल्याची नोंद झाली. अर्थात, अनेकांना तो आधीपासूनच होता. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ७८५ जणांचे आधीचे आणि नंतरचे मेंदूचे स्कॅन ताडून पाहिले गेले; त्यांतल्या काहींना मधल्या काळात कोविडची लागण झाली होती, बाकीच्यांना नाही. लागण झालेल्यांत वासाशी जोडलेल्या भागांची झीज थोडी जास्त होती. ‘डोक्शात काई राह्यत नाई’ ही कोविडनंतरची तक्रार म्हणूनच आळसाच्या खात्यावर टाकता येत नाही.

आता दारूकडे येऊ. एप्रिल २०२१ मध्ये दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात माणसं दगावली. वणी आपल्याच अमरावती विभागातली. त्या मृत्यूंकडे हौस म्हणून पाहणं मला क्रूर वाटतं. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोलण्यासाठी स्वतःला सतत चेतवत राहतो. दारू अचानक थांबली की ही चेतना बेलगाम होते. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, माणूस बरळू लागतो.

नेमकी इथेच ताप आणि दारू यांची गाठ पडते. डेंग्यू किंवा कोविडने आडवा झालेला माणूस गुत्त्यापर्यंत जाऊ शकत नाही, म्हणजे त्याची दारू आपोआप सुटते. तिसऱ्या रात्री तो खाटेवरून उठून पळू लागतो आणि घरचे म्हणतात, ‘तापात बरळून राह्यला.’ कधी ते खरंही असतं. पण डॉक्टरांनी ‘व्यसन आहे का?’ असं विचारलं तेव्हा शेजारी सून आणि जावई उभे होते, म्हणून ‘नाही, कधीमधी’ असं उत्तर गेलेलं असतं. ‘रोज किती घेता, शेवटची कधी घेतली?’ असं एकांतात, ओरडा न करता विचारलं तर खरं कळतं. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात असो, अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात असो की तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात, हा प्रश्न ताप मोजण्याइतकाच नेमाने विचारला जावा.

दुसरा धोका आणखी गुपचूप येतो. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, फार थोडं उरलेलं असतं. त्यात तापाने जेवण तुटतं, उलट्या होतात. आपल्याकडे ‘डॉक्टर, सलाईन लावा’ हा आग्रह असतोच. थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर आधीच रिता असलेला साठा संपून मेंदू संकटात येऊ शकतो: नजर फिरते, चाल अडखळते, भान सुटतं. याला वेर्निकेचा विकार म्हणतात. वेळेवर थायमिनची इंजेक्शनं मिळाली तर माणूस सावरतो. चुकलं तर कोर्साकोफची अवस्था येते. सकाळचं दुपारी आठवत नाही, आणि मेंदू ती रिकामी जागा रचलेल्या गोष्टींनी भरतो. घरच्यांना तो खोटारडा वाटतो. तो बिचारा खोटं बोलत नसतो, त्याच्या आठवणीच तयार होत नसतात.

शेंडगावच्या गाडगेबाबांनी कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले, त्या वारशाबद्दल मला अपार आदर आहे. तरीही सकाळी उठताच ज्याला घोट लागतो, त्याला देवासमोर शपथ घालून एका रात्रीत दारू सोडायला लावू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने सोडवावी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या विकाराचे सुमारे ८६ टक्के रुग्ण उपचाराबाहेर आढळले. ज्या १२ राज्यांत ती पाहणी झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता.

वऱ्हाडात काही होऊच शकत नाही, असं मात्र नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्य आणि दारू या दोन्हींवर काम केलं. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त हे निष्कर्ष छापून आले. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. ताप उतरून महिने झाले तरी हिशेब चुकतात, झोप लागत नाही, पिणं वाढलंय, अशी तक्रार असेल तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगाव्यात, तापाचीही आणि दारूचीही. दारू सुटल्यावर अनेकांची स्मरणशक्ती आणि लक्ष काही महिन्यांत बरंच सुधारतं.