डाव्या कोपऱ्याचा राखणदार

आमच्या मोहोपाड्यास सायंकाळी हुतूतूचा डाव रंगला म्हणजे बघ्यांचे डोळे एकाच मुलामागे धावत असतात. दम घुमवीत समोरच्या अंगणात शिरणारा, गडी टिपून विजेसारखा परतणारा असा तो चढाईवाला असतो. टाळ्या त्याच्या, नाव त्याचे. त्याला घोट्याशी धरून मातीत बसविणाऱ्या मुलाचे नाव मात्र घरी गेल्यावर कोणी काढीत नाही. वस्तुतः 'पिता' आणि 'पति' हे दोन्ही शब्द आपल्या वैयाकरणांनी 'पा' म्हणजे रक्षण करणे ह्याच धातूपासून साधिले आहेत. मिळविणाऱ्याइतकेच राखणाऱ्याचे महत्त्व पूर्वजांनी जाणले होते. आम्हीच ते विसरलो. म्हणून आज वाचकांपुढे एका राखणदाराचे चरित्र ठेवण्याचे योजिले आहे.

कर्जतच्या स्थानकावर लोकल गाडीत बसावे आणि कल्याणास उतरावे, इतक्या अंतरावरचा हा गृहस्थ. त्याचे नाव गिरीश मारुती इरनाक. कबड्डीच्या मैदानातील डावा कोपरा ही त्याची जागा.

ह्या जागेचे काम किती अवघड आहे ते आधी पाहू. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. चढाईवाल्यास तीस सेकंद मिळतात. तो रिकाम्या हातांनी परतला तरी त्याचे सहसा काही बिघडत नाही. व्यवसायी स्पर्धेत लागोपाठच्या तिसऱ्या चढाईत मात्र गुण आणावाच लागतो. बचाव करणाऱ्यास अशी सवलत कोठेच नाही. त्याने हात घातला आणि पकड सुटली, की गुण प्रतिपक्षास जातो व तो स्वतः मैदानाबाहेर बसतो. म्हणून कोपरारक्षकाचे निम्मे कौशल्य पकडीत असेल, तर निम्मे हात आवरण्यात आहे. चढाईवाल्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे हेरीत राहावयाचे, आणि तो वळला त्याच क्षणी खाली झेपावून घोटा धरावयाचा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता अशी पकड साधली, तर तीस 'अव्वल पकड' म्हणतात व तिचा एक गुण अधिक मिळतो. घरात माणसे थोडी उरली असता केलेल्या राखणीचे मोल अधिक, हे तत्त्व ह्या नियमात आम्हांस दिसते.

गिरीशच्या खेळाचा कस लागला तो २०१८ साली. त्या वर्षाच्या आरंभी हैदराबाद येथे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत महाराष्ट्राने सेनादलास ३४–२९ असे नमवून अकरा वर्षांनी विजेतेपद मिळविले, आणि त्या विजयी संघात गिरीश होता. ऑगस्टात जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेसाठी भारताच्या संघात त्याची निवड झाली. १९९० साली बीजिंगमध्ये ह्या खेळास त्या स्पर्धेत स्थान मिळाल्यापासून पुरुषांचे सुवर्णपदक सात वेळा ओळीने भारताकडेच आले होते. ह्या खेपेस उपांत्य सामन्यात इराणने भारतास २७–१८ असे हरविले, व कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. अठ्ठावीस वर्षांची परंपरा ज्या संघाच्या हातून तुटली त्यात आपले नाव असणे ही लहान व्यथा नव्हे. (हे सुवर्ण भारताने २०२३ साली हांगझो येथे इराणलाच ३३–२९ असे हरवून परत मिळविले, त्या संघात मात्र गिरीश नव्हता.)

तथापि पराभवाचे दुःख कुरवाळीत बसण्यास व्यवसायी खेळाडूस अवकाश नसतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रो कबड्डी स्पर्धेत पुणेरी पलटणीचे नेतृत्व गिरीशकडे आले. मुंबईच्या संघाशी झालेला पहिलाच सामना ३२–३२ असा बरोबरीत सुटला. पुढे तो गुजरातच्या संघात गेला. डिसेंबर २०२१ मध्ये त्या संघाने जयपूरला ३४–२७ असे हरविले, तेव्हा त्यातील सात गुण एकट्या गिरीशच्या पकडींचे होते. २०२२ साली तो बंगालकडून खेळला. काल ज्यांचे घोटे धरले त्यांच्याच खांद्यास खांदा लावून आज उभे राहावयाचे, आणि तेही तितक्याच निष्ठेने, हा ह्या व्यवसायाचा धर्म होय.

पूर्वी चांगल्या कबड्डीपटूस रेल्वेत किंवा बँकेत नोकरी मिळे. खेळ हा त्या नोकरीचा उंबरठा असे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हापासून खेळ हीच अनेकांची उपजीविका झाली. परंतु ती अल्पायुषी आहे. एक गुडघा दुखावला की पुढल्या लिलावात नाव पुकारले जाईलच असे नाही. म्हणून मुलांनी पुस्तके गुंडाळून मैदान धरावे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही.

तरी एक कबुली दिल्यावाचून लेखणी ठेववत नाही. मास्तरकीच्या दिवसांत गुडघे फोडून वर्गात आलेल्या एका विद्यार्थ्यास आम्ही दाराबाहेर उभे केले होते. तोही डावा कोपराच राखीत असे. आमच्या धाकाने त्याने खेळ सोडला. अभ्यासात मात्र त्यापायी एक गुणही वाढला नाही. त्याच्या हाती जे होते ते आम्ही काढून घेतले, आणि बदल्यात काहीच दिले नाही.

वाचक मातापित्यांस एवढीच विनंती आहे, की मुलगा मातीने माखून घरी आला तर कपड्यांवरून बोलावे, कारण कपडे धुण्याचे कष्ट खरेच आहेत; पण त्याआधी त्याला विचारावे, "आज पकडी किती केल्यास?"