विंचवाचा दंश आणि पेशींचा लगाम

मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना विंचवाची ओळख करून देण्याची गरज नाही. जांभ्या चिऱ्यांच्या गडग्यात आणि लाकडांच्या राशीत तो दडलेला असतो. पण कोकणातला लाल विंचू चावला म्हणजे ठणका हाच मोठा धोका, असे आपण समजतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ज्याला नुसता ठणका लागतो तो बहुधा बचावतो. ज्याला दरदरून घाम फुटतो, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात, त्याच्या जिवाला घोर असतो. असे का व्हावे?

याचे उत्तर पेशीच्या दारावर आहे. आपण घाबरलो की रक्तात अॅड्रिनलिन उतरते. ते पेशीच्या आत जात नाही. पेशीच्या आवरणात सात वेळा आरपार ओवलेले एक प्रथिन असते. ते म्हणजे या दाराचे कुलूप. किल्ली बाहेरून फिरली की आतल्या बाजूचे ‘जी-प्रथिन’ जागे होते आणि निरोप पुढे पोचवते. मग रक्तवाहिनीची पेशी आकसते, हृदयाची जोराने धडकते. अशी सुमारे 800 प्रकारची कुलुपे माणसाच्या शरीरात आहेत.

परंतु हाक ऐकणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळीच थांबवणे. त्यासाठी पेशीपाशी तीन लगाम आहेत. पहिला, जी-प्रथिनाला स्वतःचेच घड्याळ असते. आपल्याशी जोडलेला जीटीपी नावाचा रेणू फोडून ते आपोआप शांत होते. दुसरा, कुलूप फार वेळ उघडे राहिले तर एक विकर त्यावर फॉस्फेटची खूण करते. त्या खुणेवर ‘अरेस्टिन’ येऊन बसते आणि जी-प्रथिनाची वाट अडवते. तिसरा, ते कुलूपच पेशी आत ओढून घेते. पुढे काही परत दारावर येतात, काही मोडीत निघतात. दम्याच्या काही रोग्यांना श्वासनलिका रुंद करणारे औषध वारंवार ओढल्यावर पूर्वीइतका गुण येत नाही, त्यामागे हेच एक कारण असते. या कुलुपांच्या अभ्यासाबद्दल रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना 2012 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता विंचवाकडे वळू. त्याचे विष मज्जातंतूंना चेतवते आणि शरीरातल्याच अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर लोटतो. नित्याच्या हाकांसाठी घडलेले लगाम या पुराला पुरत नाहीत. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबाविरुद्ध झगडून थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते.

महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात 1976 पासून डॉ. हिंमतराव बावस्कर अशा रोग्यांच्या उशाशी बसून निरीक्षण करीत होते. प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबावरचे औषध. ते रक्तवाहिनीवरच्या ‘अल्फा’ कुलपात बसते, पण फिरत नाही; म्हणजे किल्लीची जागा अडते आणि निरोप आत जात नाही. पेशीचा लगाम अपुरा पडला तेथे वैद्याने आपला लगाम घातला. त्यांचा हा अनुभव 1986 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्वी विष अंगात भिनलेल्या रोग्यांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. या उपचारानंतर हे प्रमाण एकाच्या आसपास आले. 2022 साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मात्र प्राझोसिन घरी ठेवून स्वतःच घेण्याचे औषध नव्हे. त्याने रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून रोग्याला निजवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते द्यावे लागते. आणि पूर चढण्यापूर्वी ते मिळाले तर खरा उपयोग. मंत्र घालण्यात आणि पाला चोळण्यात जी घटका जाते, ती रोग्याच्या आयुष्यातली असते. विंचू चावला की पहिली वाट दवाखान्याची धरावी, एवढे आज येथून नेलेत तरी पुष्कळ झाले.