खूण केली म्हणजे काळजी घेतली?

शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे नाव व शस्त्रक्रियेची जागा पडताळणे, प्रतिजैविक वेळेवर देणे, शेवटी गॉज आणि उपकरणे मोजणे: जागतिक आरोग्य संघटनेच्या १९ मुद्द्यांच्या तपासणी यादीत अशाच साध्या गोष्टी आहेत. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने यादीच्या पालनाचे आकडे जाहीर करणे सक्तीचे केले. जवळजवळ प्रत्येक शस्त्रक्रियेत यादी वापरल्याचे रुग्णालयांनी कळवले. पण १०१ रुग्णालयांच्या २०१४ च्या अभ्यासात मृत्यू ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्क्यांवरच आले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

यावरून यादी निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. ऑन्टॅरिओत मृत्यू मुळातच कमी होते आणि तुलना यादीच्या आधीच्या व नंतरच्या तीन-तीन महिन्यांचीच होती. तरीही एक गोष्ट माझ्या मते स्पष्ट आहे: कागदावरची खूण मोजणे म्हणजे सुरक्षितता मोजणे नव्हे. मग फक्त मृत्यूच मोजावेत का? तेही अन्यायाचे, कारण अत्यवस्थ रुग्ण घेणारे रुग्णालय त्यात नाहक बदनाम होते, आणि अशा रुग्णांना दाखलच करून न घेण्याचा मोह वाढतो. म्हणून आजाराची तीव्रता हिशेबात धरून मृत्यू आणि जंतुसंसर्ग मोजावेत. आणि शस्त्रक्रियागृहात यादी खरोखर मोठ्याने वाचली जाते का, नर्सने शंका काढली तर सर्जन थांबतो का, हे त्रयस्थाने तिथे उभे राहून पाहावे.