परार्ध गुणिले परार्ध

जपानी संस्कृतीत शिरायला तीन दारं आहेत: भाषा, साहित्य आणि सिनेमा. तिन्ही दारांवर आकडे पहाऱ्याला उभे आहेत आणि एकेक आकडा पहिलवान आहे! चला, एकेकाशी हात मिळवू.

पहिलं दार भाषेचं. हिरागाना अक्षरं 46, काताकाना 46. बाराखडी पाठ केलेल्या माणसाला इथवर हसूच येतं. मग येतात कांजी, म्हणजे चित्रलिपीच्या घराण्यातली चिन्हं. रोजच्या व्यवहारासाठी जपान सरकारनं नेमून दिलेल्या कांजी 2136. त्यांतल्या 1026 तर सहावीपर्यंतची पोरंच गिरवून मोकळी होतात. एका कांजीला दहा रेघा धरा, झाल्या एकवीस हजार. पण एकदा लिहून कांजी कुणाला आली आहे? शंभर वेळा गिरवा, म्हणजे एकवीस लाख रेघा! एक रेघ एक सेंटिमीटरची मानून सगळ्या जोडल्या, तर 21 किलोमीटर. वहीच्या पानावरची रेघ सीएसएमटीहून निघाली आणि घाटकोपरला पोचली!

आणि हे झालं रोजच्या वापराचं. मोरोहाशी तेत्सुजी नावाच्या पंडितानं या चिन्हांचा महाकोश केला. 1945च्या हवाई हल्ल्यात छपाईचे ठसे जळून गेले, त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली, तरी 1955 ते 1960 या काळात त्याचे तेरा खंड बाहेर आलेच. त्यांतली चिन्हं सुमारे 50,000. रोज एक शिकायची म्हटली तर 137 वर्षं लागतील. आज पणजोबांनी सुरुवात केली, तर शेवटचं पान पणतूनं उलटायचं.

बरं, नुसती बोलण्या-वाचण्यापुरती जपानी यायला किती वेळ लागतो? अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांसाठी वर्गातले 2200 तास धरतं. आता डेक्कन क्वीनचा पास काढा. पुण्याहून मुंबई साधारण सव्वातीन तास, परत सव्वातीन, म्हणजे दिवसाला साडेसहा. रविवार नाही, दिवाळी नाही, रोज अप-डाऊन करत राहा. 2200 तास भरायला अकरा महिने लागतील! क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवायची आपल्याला उपजत सवय आहे, तेवढी सवलत मराठी माणसानं खुशाल घ्यावी. गृहपाठ मात्र वेगळा.

दुसरं दार साहित्याचं. मुरासाकी शिकिबू या दरबारातल्या बाईनं ‘गेंजी मोनोगातारी’ ही कादंबरी लिहिली तेव्हा अकरावं शतक नुकतं उजाडत होतं. ज्ञानेश्वरीला अजून पावणेतीनशे वर्षं अवकाश होता. प्रकरणं 54, पात्रं चारशेच्या वर, मध्ये पेरलेल्या कविता आठशेच्या आसपास.

आठशे म्हणजे खूप वाटल्या? मग ओसाकाच्या सुमियोशी देवळात या. साल 1684. इहारा सायकाकू नावाचा कवी बैठक मारून बसला आणि एका दिवसा-रात्रीत त्यानं रचली 23,500 हायकाई पद्यं! दिवसाचे सेकंद 86,400. भागाकार करा: पावणेचार सेकंदांना एक कडवं. खाणं नाही, पिणं नाही, पाठ टेकणं नाही. लिहून घेणाऱ्यांनी लिहिणं सोडलं आणि नुसते आकडे मोजत बसले. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. नुसत्या संख्येचा हिशेब केला तर या गृहस्थानं एका रात्रंदिवसात अडीच ज्ञानेश्वऱ्यांएवढी कडवी ओतली.

त्याच्याच काळातला दुसरा कवी मात्सुओ बाशो. 1689 मध्ये हा माणूस जपानच्या उत्तरेकडे निघाला आणि सुमारे 2400 किलोमीटरची वाट, बहुतेक पायी, तुडवून आला. मुंबई-पुणे सोळा वेळा! बाशोची आयुष्यभराची हायकू-संपदा किती? जेमतेम हजार. सायकाकूचा वेग तासाला 979 कडव्यांचा. म्हणजे बाशोला जे आयुष्यभर पुरलं, ते सायकाकूच्या एका तासाचं काम! आणि जग पाठ करतं ते बाशोला.

छापील मजकुराचा ढीगही बघून घ्या. ‘शोनेन जंप’ हे मांगा साप्ताहिक, म्हणजे चित्रकथांचं. 1995च्या आरंभीच्या एका अंकाच्या प्रती निघाल्या 65 लाखांवर. अंक टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीसारखा जाडजूड. जाडी अडीच सेंटिमीटर धरून प्रती ओळीनं उभ्या लावल्या, तर मुंबईहून सुरू झालेली रांग पुणं ओलांडून पुढे जाते. आणि हा फक्त एका अंकाचा हिशेब!

तिसरं दार सिनेमाचं. दिग्दर्शक कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’, 1954 सालचा, 207 मिनिटांचा. सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे चित्रं झाली 2,98,080. फिल्मची लांबी 18,630 फूट. साठ फूट खोल विहिरीत ही पट्टी सोडत बसा. एक विहीर भरली, दहा भरल्या, शंभर भरल्या, 310 विहिरींचा तळ गाठला तेव्हा कुठे चित्रपट संपला!

2020चा ‘मुगेन ट्रेन’ हा ॲनिमेशनपट आगगाडीतच घडतो. एकट्या जपानमध्ये त्याची कमाई 4000 कोटी येनांवर गेली. येन पन्नास पैशांचा धरला तरी 2000 कोटी रुपये! तिकिटं पावणेतीन कोटींवर खपली. त्या प्रेक्षकांना आपल्या एक्स्प्रेसमध्ये बसवू. गाडीला दीड हजार माणसं, म्हणजे गाड्या 18,000. गाडीची लांबी अर्धा किलोमीटर, म्हणजे रांग 9000 किलोमीटर. मुंबई ते तोक्यो सरळ रेषेत 6700. पहिलं इंजिन मुंबईत, आणि शेवटचा डबा तोक्यो मागे टाकून दोन हजार किलोमीटर पुढे, पॅसिफिकच्या पाण्यात!

दमलात? खरा राक्षस अजून बाहेर आलेला नाही. तो दडलाय सर्वांत छोट्या वस्तूत, हायकूत. पाच-सात-पाच, मात्रा फक्त सतरा. जपानीत मोजायचे वेगळे ध्वनी सुमारे शंभर. पहिल्या जागी शंभरांतला कोणताही एक, दुसऱ्या जागी पुन्हा शंभर, असं सतरा वेळा. शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर... उत्तर येतं एकावर 34 शून्यं! आपल्या एकं-दहं-शतंच्या पाढ्यातली शेवटची पायरी परार्ध, एकावर 17 शून्यं. म्हणजे एवढ्याशा हायकूच्या पोटात परार्ध गुणिले परार्ध जुळण्या!

समजा विश्व जन्मलं त्या क्षणापासून आजच्या 800 कोटी माणसांनी सेकंदाला एक अशा जुळण्या लिहायला घेतल्या आणि 1380 कोटी वर्षं हात थांबवला नाही. किती काम उरकलं? सगळं काम 29 लाख रुपयांचं कर्ज मानलं, तर फिटला एक रुपया!

त्यातल्या बहुतेक जुळण्या निव्वळ अर्थहीन, हे कबूल. पण त्या ढिगातून बाशोनं हजार वेचले, आणि 1970च्या दशकात कवयित्री शिरीष पै यांनी हा तीन ओळींचा छंद मराठीला लावला. आजवर जगात लिहिले गेलेले सगळे हायकू त्या 34 शून्यांतून वजा करा. आकडा हललासुद्धा नाही! घ्या वही-पेन, जागा भरपूर आहे.