मार्चचे ऊन आणि गव्हाचा दाणा

१३ मे २०२२ रोजी भारत सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याआधी काही आठवडेच, युक्रेनमधील युद्धामुळे जागतिक बाजारात निर्माण झालेली तूट भारत भरून काढील, अशी चर्चा सर्वत्र होती. फेब्रुवारीतील सरकारी अंदाज ११ कोटी १३ लाख टनांच्या विक्रमी उत्पादनाचा होता. मे महिन्यात तो १० कोटी ६४ लाख टनांवर आणावा लागला. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांपर्यंत खाली आली. खरेदीतील घसरणीस खुल्या बाजारातील चढे भावही कारणीभूत होते. पिकातील घट मात्र प्रामुख्याने मार्च महिन्यातील उन्हाने घडविली. हवामान खात्याच्या नोंदींनुसार १९०१ पासूनचा तो सर्वांत उष्ण मार्च ठरला. देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश सेल्सिअस इतके होते.

पाऊस न पडल्यास पीक हातचे जाते, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. परंतु कालव्यास पाणी आहे, खत वेळेवर पडले आहे, अशा स्थितीत केवळ काही आठवड्यांच्या उन्हाने उत्पादन कसे घटते? याचे उत्तर गव्हाच्या पानात दडलेले आहे.

पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील ऊर्जा ग्रहण करते. त्या ऊर्जेच्या साहाय्याने, पर्णरंध्रांतून आत आलेला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी पोहोचविलेले पाणी यांपासून शर्करा तयार होते. हेच प्रकाशसंश्लेषण. गव्हाच्या दाण्यात साठणाऱ्या पिठाचा मोठा भाग फुलोऱ्यानंतरच्या साधारण चाळीस दिवसांत, विशेषतः ओंबीखालच्या शेवटच्या पानात, तयार होतो. उत्तर भारतात हा काळ म्हणजे फेब्रुवारीची अखेर आणि मार्च. चार महिन्यांच्या पिकाचे भवितव्य या थोड्या दिवसांवर अवलंबून असते.

शर्करानिर्मितीचे पहिले पाऊल ‘रुबिस्को’ नावाचे विकर उचलते. पृथ्वीवरील बहुतेक सर्व अन्नसाखळी ज्यावर उभी आहे, ते हे विकर आश्चर्य वाटावे इतके मंद आणि काहीसे गोंधळलेले आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते चार-पाच वेळांत एखादे वेळी प्राणवायूच पकडते. मग ती चूक निस्तरण्यासाठी वनस्पतीस आधी मिळविलेला कार्बन आणि ऊर्जा खर्ची घालावी लागते. या क्रियेस प्रकाशश्वसन म्हणतात. तापमान वाढले की ही चूक अधिक वेळा होते. रुबिस्कोला कार्यक्षम ठेवणारे एक साहाय्यक प्रथिनही उष्णतेत दुबळे होते. हवा कोरडी असेल तर पाणी वाचविण्यासाठी पर्णरंध्रे मिटतात आणि कच्चा मालच बंद होतो. रात्रही उबदार असल्यास श्वसनाचा खर्च वाढतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जमा घटते, नावे वाढते आणि त्यातच खाते मुदतीपूर्वी बंद होते. कारण उष्णतेने पाने लवकर पिवळी पडतात व दाणा भरण्याचे दिवसच कमी होतात. उरतो तो सुरकुतलेला, हलका दाणा. २०२२ मध्ये पंजाब व हरियाणात असे दाणे इतके निघाले, की खरेदीसाठीची ६ टक्क्यांची मर्यादा सरकारने भावात कपात न करता १८ टक्क्यांपर्यंत शिथिल केली.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कार्बन डायऑक्साइड हे वनस्पतींचे अन्नच असेल, तर त्याचे प्रमाण वाढणे लाभदायक नव्हे काय? हा आक्षेप निराधार नाही. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. यामुळे गहू, तांदूळ, हरभरा, सोयाबीन यांचे प्रकाशसंश्लेषण काही प्रमाणात वाढतेही. परंतु हा लाभ उष्णता हिरावून घेऊ शकते. शिवाय धान्याचा कसही उतरतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये उघड्या शेतात वाढविलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्के, प्रथिने ६ टक्के आणि लोह ५ टक्के कमी आढळले. ज्या देशात सुमारे ८१ कोटी लोक शिधापत्रिकेवरील धान्याचे हक्कदार आहेत, तेथे पोते भरलेले असूनही पोषण घटणे ही किरकोळ बाब मानता येणार नाही.

ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांची रचना वेगळी आहे. ही पिके कार्बन डायऑक्साइड आधी एकवटून मग रुबिस्कोपाशी पोहोचवितात, त्यामुळे प्रकाशश्वसनाची हानी फारशी होत नाही. भाकरी खाणाऱ्या मुलखाने उष्ण हवेला साजेशी पिके निवडली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

गव्हाला मात्र उन्हापूर्वी दाणा भरून घेणे हाच मार्ग आहे, आणि अडचण तेथेच आहे. भूजल वाचविण्यासाठी पंजाबात २००९ च्या कायद्याने ठरावीक तारखेपूर्वी भातलावणीस मनाई केली. हेतू योग्यच, पण भात उशिरा निघतो आणि गव्हाच्या पेरणीस थोडेच दिवस उरतात. त्या घाईतून धसकटे जाळली जातात. पेरणी जितकी लांबते, तितका दाणा भरण्याचा काळ उन्हात ढकलला जातो. न जाळता धसकटांतच पेरणी करणारे हॅपी सीडर यंत्र आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पुढे आणलेला, लवकर पेरणीस योग्य असा एचडी ३३८५ हा वाण यांचे महत्त्व यातच आहे. पीककर्जाची रक्कम नोव्हेंबरअखेर हाती पडली, तर या दोहोंचा उपयोग उरत नाही.

नुकसानभरपाईचे गणितही पाहण्यासारखे आहे. समजा, एकरी २० क्विंटलऐवजी १७ क्विंटल गहू आला. २०२२ च्या २,०१५ रुपये हमीभावाने ही तूट एकरी ६,०४५ रुपये, म्हणजे १५ टक्के होते. नैसर्गिक आपत्तीत पीककर्जाच्या पुनर्रचनेसाठी ३३ टक्के नुकसान आवश्यक धरले जात असे. त्यातही त्या वर्षी आपत्तींच्या केंद्रीय यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. पंजाबने तर २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना सुरुवातीपासूनच स्वीकारली नव्हती.

जेथे ही योजना लागू आहे, तेथे रब्बी अन्नधान्यासाठी शेतकऱ्याचा हप्ता विमासंरक्षित रकमेच्या दीड टक्क्यापेक्षा अधिक नसतो. भरपाई क्षेत्रातील पीककापणी प्रयोगांवरून ठरते, म्हणून उन्हाने घटलेले उत्पादनही त्यात मोजले जाते. कर्जदारांसाठी २०२० च्या खरिपापासून विमा ऐच्छिक झाला. ज्यास तो नको असेल, त्याने अंतिम तारखेच्या सात दिवस आधी शाखेस तसे लेखी कळवावयाचे असते.