दुर्बीण किती ‘पटी’ची हवी?

लोणावळा सोडून गाडी पुण्याकडे निघाली की उजव्या हाताला लोहगड दिसू लागतो. गड दिसतो, विंचूकाटाही दिसतो; पण तटावर माणूस उभा आहे की नाही, हे सांगता येत नाही. असे का?

वस्तू किती मोठी दिसते, हे ती डोळ्याशी केवढा कोन करते यावर ठरते. एका अंशाचे ६० समान भाग केले, तर प्रत्येक भागाला ‘कला’ म्हणतात आणि कलेच्या साठाव्या भागाला ‘विकला’. निरोगी डोळ्याला साधारण १ कलेपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस ५ किलोमीटरवर असेल, तर तो जेमतेम सव्वा कलेचा कोन करतो. म्हणजे त्याचा नुसता ठिपका उरतो.

हाच प्रश्न नेमबाजापुढे असतो. ५० मीटर रायफल प्रकारात लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर. ५० मीटरवरून त्याचा कोन पाऊण कलाही भरत नाही. मग दुर्बीण लावली की काम सोपे, असे वाटेल. लांब पल्ल्याच्या काही स्पर्धांत रायफलीवर ४० पटींहून अधिक विशालनाच्या दुर्बिणी खरोखरच वापरतात. परंतु पट वाढवण्याची किंमतही मोजावी लागते.

पहिली किंमत स्थैर्याची. दुर्बीण लक्ष्याबरोबर हाताचा कंपही मोठा करते. १ कलेचा कंप २० पटींच्या दुर्बिणीतून २० कलांचा दिसतो, म्हणजे चंद्रबिंबाच्या दोनतृतीयांश!

दुसरी किंमत प्रकाशाची. वस्तुभिंगाच्या व्यासाला विशालनाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ५० मिलिमीटरचे भिंग १० पटींना ५ मिलिमीटरचा झोत देते, ४० पटींना फक्त सव्वा मिलिमीटरचा. दिवसाही डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते. त्यामुळे दृश्य अंधुक होते. शिवाय दृश्यक्षेत्रही आकसते.

तिसरी मर्यादा निसर्गाचीच. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे भिंगातून जाताना त्याचे विवर्तन होते. ५० मिलिमीटरच्या भिंगाला सुमारे ३ विकलांपेक्षा बारीक तपशील वेगळा करता येत नाही. डोळ्याची मर्यादा ६० विकला; म्हणजे सुमारे २० पटींतच भिंगाची क्षमता वापरून होते. त्यापुढे डोळ्याला थोडा आराम मिळावा म्हणून पट वाढवता येते, पण नवा तपशील मिळत नाही. त्यात हवेची भर. एप्रिलच्या दुपारी मावळातल्या रिकाम्या भातखाचरांवर तापलेली हवा थरथरते. ही थरथरही दुर्बीण तितक्याच पटीने मोठी करते. आणि पावसाळ्यातल्या धुक्यात तर मोठे दिसते ते धुकेच!

म्हणूनच पुढची गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सराव केलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या रायफलीवर दुर्बीण नसते; नियमच तसा आहे. डोळ्याजवळ बारीक छिद्राची चकती आणि नळीच्या टोकाला एक कडे असते. छिद्रामुळे जवळचे कडे आणि दूरचे लक्ष्य ही दोन्ही पुरेशी स्पष्ट दिसतात. दहाचे वर्तुळ दिसण्याची गरजच नसते. ११२.४ मिलिमीटर व्यासाचे काळे वर्तुळ कड्याच्या बरोबर मध्यभागी आणायचे. वर्तुळात वर्तुळ बसवण्यात आपला डोळा अतिशय तरबेज आहे.

वर्गात करण्याजोगे

१) कार्डाला टाचणीने छिद्र पाडा. पुस्तक डोळ्याच्या इतके जवळ आणा की अक्षरे पुसट होतील. आता छिद्रातून वाचा.

२) ५० सेंटिमीटर नाभीय अंतराचे वस्तुभिंग आणि ५ सेंटिमीटरची नेत्रिका एकमेकांपासून ५५ सेंटिमीटरवर ठेवा. ५० भागिले ५, म्हणजे १० पटींची दुर्बीण झाली. प्रतिमा उलटी दिसेल. रायफलीच्या दुर्बिणीत ती सुलटी करण्यासाठी मध्ये आणखी भिंगे असतात.

३) वस्तुभिंगापासून ५० सेंटिमीटरवर एक केस ताणून बसवा. दूरच्या झाडावर दुर्बीण रोखून डोके किंचित हलवा. केस झाडाशी चिकटून राहील. आता केस थोडा मागेपुढे करा. डोके हलताच तो झाडावरून सरकताना दिसेल. हाच पराशय. नेमबाजाच्या दुर्बिणीत तो राहिला, तर डोके जरा हलले तरी नेम चुकतो.

मात्र दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू देऊ नये. दृष्टी कायमची जाऊ शकते.

शाळेसाठी दुर्बीण घेताना दुकानदार प्रथम ‘किती पट’ ते सांगेल. आपण प्रथम भिंगाचा व्यास आणि तिवईचा भक्कमपणा विचारावा. शाळेचे मोजके पैसे त्याने सार्थकी लागतील.