हस्तलिखिताची प्रतिमा आणि अनुस्वाराचे टिंब

मूळ पोथी हाताळावयास मिळण्याचे भाग्य पाठसंशोधन करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. उज्जैन येथे १९५७ साली विक्रम विद्यापीठ या नावाने स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या सिंधिया प्राच्यविद्या शोध प्रतिष्ठानात हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. परंतु पुण्यानागपुरातील अभ्यासकास अशा संग्रहातील एखादे पान पाहावयाचे झाल्यास त्याच्या हाती बहुधा त्या पानाची प्रतिमाच येते. ती कधी फॅक्सच्या कागदावर उमटे, आता संगणकाच्या पडद्यावर दिसते. ही प्रतिमा लहानमोठी होताना व गुळगुळीत केली जाताना अक्षराचे काय होते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे. ‘चिता’ आणि ‘चिंता’ यांतील अंतर एका टिंबाचेच आहे.

अंकीय प्रतिमा म्हणजे बारीक चौकटींचा कागद होय. प्रत्येक चौकटीस, जीस पिक्सेल म्हणतात, काळेपणाचा एक अंक दिलेला असतो. फूलस्केपाहून किंचित आखूड असे ए-४ आकाराचे पान इंचास ३०० चौकटी या प्रमाणाने टिपले, तर आडव्या २४८० व उभ्या ३५०८ चौकटी होतात. उलट पुष्कळशा पडद्यांची उंची १०८० ओळींचीच असते. संपूर्ण पान पडद्यावर मावावयाचे तर तीन ओळींची जेमतेम एक ओळ करावी लागते. प्रत्येक तिसरी ओळ उचलून बाकीच्या टाकून दिल्या, तर टाकलेल्या ओळींत सापडलेले टिंब समूळ नाहीसे होते. शेजारच्या चौकटींची सरासरी घेतली, तर ते फिकट का होईना, पण उरते. म्हणून लहान करताना सरासरीची रीतच ग्राह्य मानली पाहिजे.

मोठे करताना प्रश्न उलटा होतो. तेथे दोन ज्ञात चौकटींमध्ये नव्या चौकटी घालावयाच्या असतात व त्यांचे अंक कोणीच मोजलेले नसतात. ही अडचण नवी नाही. ज्या ज्योतिषपरंपरेने उज्जयिनीची रेखा मध्यरेखा मानली, तिच्यातील ब्रह्मगुप्तासमोर ती ज्यासारणीच्या रूपाने उभी होती. त्याच्या ‘खण्डखाद्यका’त (इ. स. ६६५) त्रिज्या १५० धरून दर १५ अंशांची ज्या दिली आहे: ३० अंशांस ७५ व ४५ अंशांस १०६. मग ३७॥ अंशांची ज्या किती? सरळ मध्य काढला तर ९०·५ येते. ब्रह्मगुप्ताने लगतची दोन्ही अंतरे, म्हणजे ३६ व ३१, विचारात घेऊन वक्रतेची दुरुस्ती सांगितली. तिने ९१·१ येते. खरी किंमत ९१·३ आहे. आजचा संगणक प्रतिमा मोठी करताना याच दोन जातींच्या रीती वापरतो: एक सरळ रेषेची, दुसरी वक्राची. दुसरीने अक्षराची वळणे अधिक डौलदार दिसतात. मात्र ज्या हा नियमबद्ध वक्र आहे. लेखनिकाचा बोरू तसा नाही. म्हणून तेथे जे गणित होते, ते येथे अनुमान ठरते.

फॅक्सची गोष्ट आणखी कठीण. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत आडव्या दिशेने मिलिमीटरला सुमारे ८ चौकटी, परंतु उभ्या दिशेने ३·८५ ओळीच असत. अर्ध्या मिलिमीटरहून लहान टिंबास त्यामुळे एकदोन ओळीच मिळत. शिवाय चौकट एकतर काळी, नाहीतर पांढरी. मधली करडी छटा नाही. असे पान पडद्यावर जसेच्या तसे दाखविले, तर अक्षरे उंचीने निम्मी, चेपल्यासारखी दिसतात. प्रत्येक ओळ दोनदा काढावी, तर तिरप्या रेघांना पायऱ्या पडतात. त्या पायऱ्यांच्या कडेस करड्या छटा भरल्या की डोळ्यांस रेघ सलग वाटते. पडद्यावरील हा सोयीचा उपाय शुद्ध काळ्यापांढऱ्या छपाईत मात्र चालत नाही.

जुन्या ६२५ ओळींच्या दूरचित्रवाणीत विषम व सम ओळी आळीपाळीने उमटत. एकाच ओळीत मावणारी शिरोरेषा त्यामुळे सेकंदास २५ वेळा दिसे व लपे, आणि देवनागरी मजकूर थरथरू लागे. ती रेघ वरखालच्या ओळींत थोडी पसरविली म्हणजे थरथर कमी होई. येथे गुळगुळीतपणा उपकारकच होता.

परंतु प्रत्येक वेळी तसे नसते. डाग काढण्याची एक प्रचलित रीत अशी की, चौकट व तिच्या भोवतालच्या आठ मिळून नऊंचे बहुमत पाहावे. दोन चौकटी रुंद व दोन उंच अशा टिंबाच्या कोणत्याही चौकटीस नऊंपैकी चारच मते मिळतात. म्हणजे टिंब पुसले जाते. शाईचा शिंतोडा व अनुस्वार यांतील भेद यंत्रास कळत नाही. तो भाषा जाणणाऱ्यासच कळतो.

आमचे म्हणणे एवढेच की, वाचण्यास सुलभ प्रतिमा आणि पुरावा म्हणून ग्राह्य प्रतिमा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली खुशाल मोठी करावी, गुळगुळीत करावी. पण दुसरी जशी टिपली तशीच जपावी आणि पाठभेदाचा निर्णय तिच्यावरूनच द्यावा. जेथे टिंबाविषयी संशय असेल, तेथे संग्रहालयास पुन्हा त्याच ओळीची अधिक बारीक प्रतिमा मागावी. विद्यार्थ्यांनाही हा विवेक आरंभीच शिकवावा. स्वच्छ प्रत पाहून आपले मन निःशंक होते, आणि लेखनिकाच्या हातून न झालेली चूक आपण त्याच्या माथी मारून बसतो.